आधी भीती की आधी धडधड

माझ्या भावाला सगळी गल्ली भोंगा म्हणते. नाव मीच ठेवलंय. हा माणूस कोपऱ्यावर वळला की तिथूनच ओरडायला लागतो, "येतोय होऽ, मी येतोय!" आपल्याच दुकानात शिरायचं, त्याची एवढी दवंडी कशाला? पण नाही. गाडी लावताना एकदा, पायरीवर एकदा आणि दारात खाकरून आणखी एकदा. "चोर झाला असतास तर पहिल्याच घरात सापडला असतास," असं मी म्हणायचे आणि इस्त्रीवर उभ्या असलेल्या दोघीजणी खिदळायच्या. तो मात्र कधी हसला नाही. मला वाटायचं, याला विनोदच कळत नाही.

लॉन्ड्री आमची दोघा भावंडांची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, घरोघरचे पडदे. तो व्हॅन घेऊन गाठोडी आणतो, पोचवतो. आतलं सगळं मी बघते. मशिनं, बाया, गिऱ्हाइकं आणि भांडणं. नवरा परगावी नोकरीला, महिन्याकाठी येणार, त्यामुळे घरातही आवाज माझाच. मी कुणाच्या बापाला भीत नाही, हे छाती ठोकून सांगायची मला सवयच होती.

आणि माझ्याच पोटी ही भित्री भागूबाई!

माझी लेक. कॉलेज संपवून दुकानात गल्ल्यामागे बसायला लागली होती. कपड्यांना चिठ्ठ्या टाचायच्या, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, ते ती माझ्यापेक्षा दसपटीनं बरं करायची. पण फोन वाजला की दचकणार. झाकण पडलं की दचकणार. ड्रायरचा लोड संपला की बझर वाजतो, तेव्हा तर हातातल्या टाचण्याच सांडायच्या. सगळ्या तिला भागूबाई म्हणायच्या. सुरुवात अर्थात मीच केलेली.

आमच्या घरातली ही दुसरी भागूबाई. पहिली आमची थोरली बहीण, ताई. तीही अशीच, जरा कुठे खुट्ट झालं की छातीवर हात. ती ऐन विशीत गेली. फळीवरून ताट पडलं, ती दचकली आणि जागच्या जागी गेली. आमच्याकडे हे असंच सांगतात, ताई दचकून गेली. आई म्हणायची, काळीजच इवलंसं होतं गं पोरीचं. मी तेव्हा फ्रॉकातली, भोंगा माझ्याहूनही लहान. आईला रडताना बघून मी मनाशी ठरवलं होतं की आपण म्हणून कध्धी भ्यायचं नाही. भितात ते मरतात, एवढंच मला त्यातून कळलं होतं.

त्यामुळे लेक जेव्हा म्हणायला लागली, "आई, मला कसंतरी होतं गं, छातीत फडफडतं," तेव्हा मी काय करावं? हसले.

"कसंतरी म्हणजे?"

"म्हणजे एकदम जोरात धडधडतं. मग मध्येच एक ठोका चुकतो. डोळ्यांपुढे अंधारी येते."

"काळजाचा ठोका सगळ्यांचाच चुकतो. चहा कमी कर आणि मोबाइल बाजूला ठेवून वेळेवर झोप."

"चहा मी एकदाच घेते."

"मग मन घट्ट कर."

ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे पटलं, असं मी धरून चालले. पोरीला माझ्याशी बोलून उपयोग नाही हे कळलं होतं, एवढाच त्याचा अर्थ होता. पण तेव्हा ते कुठे सुचायला!

भोंग्यानं एक उद्योग केला होता. जुन्या ड्रायरच्या बझरवर त्यानं फाटका टॉवेल घट्ट गुंडाळून वर सुतळी बांधली होती. बझर वाजला की नुसती घुरघुर ऐकू यायची. "भाचीचे फाजील लाड," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "असू दे गं माई." एवढंच. भावाचं माझ्यापुढे फार बोलणं कधी नसतंच.

मग तो ड्रायर मोडीत गेला आणि नवा आला. मोठा, पांढराशुभ्र, पुढून काचेचं दार. बझर असा, की अख्खी इमारत उठून उभी राहावी. भोंगा दुसऱ्याच दिवशी टॉवेल घेऊन हजर.

"खबरदार!" मी म्हटलं. "नव्याकोऱ्या मशिनला चिंध्या कसल्या बांधतोस? उद्या गरम होऊन पेटलं म्हणजे?"

"माई, तिला त्रास होतो."

"तिला सवय लावायची सोडून तू कापसात गुंडाळून ठेव! सासरी कोण बांधणार आहे टॉवेल?"

आणि मी तिचं टेबल उचलून ड्रायरच्या शेजारी नेऊन ठेवलं. मी स्वतः. इस्त्रीवाली एक म्हणाली सुद्धा, "राहू द्या ना बाई." मी ऐकलं नाही. भीतीच्या जवळ गेलं की भीती पळते, हे माझं तत्त्वज्ञान. माझी पोर धीट व्हावी, एवढीच माझी इच्छा होती हो. तिनं जगावं म्हणून.

दुपारची वेळ होती. चादरींचा लोड आत फिरत होता. ती मान खाली घालून एका कोटाला चिठ्ठी टाचत होती. मी समोर पडद्यांच्या घड्या घालत होते, त्यामुळे सगळं मला दिसलं. बझर वाजला. तिनं मान वर केली, छातीकडे हात नेला आणि तो हात तिथवर पोचायच्या आत ती खुर्चीवरून खाली घसरली. ओरडली नाही. अंगाला दोन झटके बसले, डोळे अर्धवट उघडे आणि रंग, काय सांगू, त्या चादरींचा आणि तिचा रंग एकच.

भोंगा पायरीवर होता. "येतोय होऽ" अर्धवटच सोडून तो आत धावला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन "ऊठ गं, ऊठ गं भागूबाई" करत बसले होते. काही क्षणच गेले असतील. तिनं खोल श्वास घेतला, डोळे उघडले, म्हणाली, "पडले का मी?"

माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला की मला राग येतो, हा माझा स्वभाव. "सकाळी खाल्लं नसशील! उपाशी राहायची फॅशन तुमची. पाणी आणा रे, साखर घाला त्यात."

"साखरबिखर नको," भोंगा म्हणाला. "दवाखाना."

"अरे, शुद्धीवर आलीय ती. चक्करच होती."

"माई, बाजूला हो."

या आवाजात तो माझ्याशी जन्मात बोलला नव्हता. त्यानं तिला उचललं, व्हॅनमध्ये गाठोड्यांवर निजवलं. मी मुकाट्यानं मागे चढले.

रस्ता तुंबलेला. पुढे ट्रक, बाजूला बस. मी तिचा हात धरून बसलेली, हाताखाली तिची नाडी कधी पळतेय, कधी अडखळतेय. "अरे हॉर्न वाजव ना!" मी ओरडले. "हॉर्न वाजव, भोंग्या!" तो खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना हातवारे करत होता, विनवत होता, पण हॉर्नला हात लावत नव्हता. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. एरवी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस, आणि नेमका आज मुका झाला.

दवाखान्यात तिला आत घेतलं, छातीला तारा लावल्या. डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याहून लहान, बोलणं एक घाव दोन तुकडे. भोंगा आत आला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"काय झालं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"ती घाबरते हो," मी म्हटलं. "लहानपणापासूनच. जरा आवाज झाला की छातीत धडकी भरते तिच्या. तशी तब्येत ठणठणीत—"

"तिला बोलू द्या."

मला कुणी असं गप्प केलं की मी दोन सुनावते. त्या दिवशी दोन पावलं मागे सरकले.

डॉक्टर तिच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. "मला एकच नीट सांग. आधी भीती वाटते की आधी धडधडतं?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "आधी आवाज येतो. मग छातीत काहीतरी उलटंसुलटं होतं. मग अंधार. घाबरायला वेळच मिळत नाही मला. घाबरते ती नंतर, जागी झाल्यावर."

"याआधी कधी अशी पूर्ण शुद्ध गेली होती?"

"एकदा. सकाळी गजर झाला आणि डोळे उघडले तेव्हा मी पलंगाखाली होते. कपाळाला टेंगूळ आलं होतं."

ते टेंगूळ मी पाहिलं होतं! दार लागलं म्हणाली होती. "मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू हसली असतीस," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच. ते जास्त लागलं.

डॉक्टरांनी यंत्रातून निघालेली पट्टी हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन नुसती बघत राहिल्या. मला राहवेना. "धडधड काय सगळ्यांनाच होते ना हो? मला वाटलं, चहा, जागरणं..."

"बरोबर वाटलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "बहुतेकांची धडधड त्यातलीच असते. चहा, ताप, काळजी, अंगात रक्त कमी. थोडा वेळ होते आणि जाते. पण धडधडीबरोबर शुद्ध हरपली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, श्वास लागला, पळताना किंवा दचकताना झालं, तर घरी उपचार करत बसायचं नाही. त्याच दिवशी यायचं. आणि आणखी एक गोष्ट असते. तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? हृदयानं?"

"छे," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळे धट्टेकट्टे. हृदयाचं कुणालाच काही नाही."

खोटं बोलले नव्हते मी. देवाशपथ, माझ्या मनातही आलं नाही.

"ताई," दारातून भोंगा म्हणाला.

"ताईचं काय? ती दचकून गेली. तो काय आजार होतो का?"

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. "पुन्हा सांगा."

"आमची थोरली बहीण. विशीतच होती. फळीवरून ताट पडलं, दचकली, गेली. भित्रीच होती ती..." आणि बोलता बोलता माझे शब्द मलाच ऐकू आले.

"ताट नव्हतं पडलं," भोंगा म्हणाला.

आम्ही तिघीही त्याच्याकडे बघायला लागलो. एवढा आडदांड माणूस, गाठोडी खांद्यावर टाकून जिने चढणारा, पण चौकट धरून उभा होता.

"मी दाराआड लपलो होतो. ताई अंगणातून वाळलेले कपडे घेऊन आली. मी भॉऽ केलं. खेळत होतो. रोज करायचो, ती रोज किंचाळायची, मग दोघं हसायचो. त्या दिवशी ती किंचाळली नाही." त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "मग मीच फळीवरचं ताट खाली टाकलं. आई धावत आली तेव्हा ते फिरतच होतं."

आयुष्यभर. इतकी वर्षं हा माणूस गल्लीच्या कोपऱ्यापासून ओरडत येत होता आणि मी त्याला भोंगा म्हणत होते. खरं सांगते, पहिल्यांदा मला संताप आला. त्याच्या कानाखाली वाजवावी, असं वाटलं. ताईसाठी, आईसाठी, त्या ताटासाठी. आणि दुसऱ्याच क्षणी माझं टेबल आठवलं. लहान पोरानं नकळत भॉ केलं होतं. मी चांगली घोडी झाल्यावर पोरीला बझरशेजारी नेऊन बसवलं होतं. संताप कुठल्या तोंडानं करू?

डॉक्टर उठून त्याच्याजवळ गेल्या. "इकडे बघा. दचकून निरोगी माणूस असा मरत नाही. ठोका पडला की हृदयाला पुन्हा तयार व्हायला जरा वेळ लागतो. या मुलीच्या हृदयाला तो जास्त लागतो, पट्टीवर दिसतंय. तेवढ्यात दणका बसला की लय बिघडते. तुमच्या बहिणीचंही बहुधा हेच होतं. त्या दिवशी खरंच ताट पडलं असतं, तरी हेच झालं असतं. फोन वाजला असता, तरीही."

"पण ताट पडलं नव्हतं ना," तो म्हणाला.

डॉक्टरांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

लेकीला त्यांनी ठेवून घेतलं. गोळ्या सुरू होतील, त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. कुठलंही नवं औषध, साध्या सर्दीचंसुद्धा, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. उशाशी गजर, फोन काही नको. पुढे गरज पडली तर छातीत एक छोटं यंत्र बसवता येतं, ते नंतर बघू. मी नंदीबैलासारखी मान हलवत होते.

"आता तुम्ही दोघं शर्ट-ब्लाऊज सैल करा," त्या म्हणाल्या. "तुमच्याही पट्ट्या काढायच्यात."

"माझी?" मी म्हटलं. "मला काय धाड भरलीय? मी कुणाला भीत नाही."

"भिण्याचा काही संबंध नाही, हेच मघापासून सांगतेय. मावशीचं भाचीत उतरलं म्हणजे मधे कुणातून तरी आलं असणार ना?"

भोंग्याची पट्टी सरळ निघाली. पुन्हा एकदा तपासू म्हणाल्या, पण आज तरी काही नाही. माझ्या पट्टीकडे मात्र त्या खिडकीपाशी जाऊन बघत राहिल्या, आणि मला कळलं. ताईसारखीच. लेकीसारखीच. दुकानात दणादण दारं आपटणारी, बझरखाली वर्षानुवर्षं काढलेली मी! मला कधी का काही झालं नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, काहींना होत नाही, का ते सांगता येत नाही. म्हणजे माझी छाती, माझी हिंमत, सगळं नुसतं नशीब होतं. आणि लेकीला मी जे भित्रेपण म्हणून टोचत आले, ते मीच तिला दिलं होतं.

भोंगा बाहेर बाकावर रडत होता. "माझ्यात का नाही गं, माई?" मी त्याच्या शेजारी बसले. त्याची पाठ थोपटत राहिले, आणि ती थोपटतानाही हात हळूच टेकवत होते.

आता दुकानात बझर नाही. मेकॅनिकनं त्याची तार तोडून तिथे लाल दिवा लावून दिलाय. लोड संपला की दिवा लागतो. फोन थरथरतो फक्त. टेबल पुन्हा गल्ल्यामागे गेलं. भागूबाई हा शब्द कुणी काढत नाही, चुकून कुणाच्या तोंडात आलाच तर मी अशी बघते की ती बाई घड्या मोजायला लागते. माझ्या भावाला गल्ली अजून भोंगा म्हणते. मी नाही म्हणत. पण त्याचं "येतोय होऽ" कोपऱ्यावरून आलं की आम्ही सगळ्याजणी हातातलं काम तसंच चालू ठेवतो, आणि मला बरं वाटतं.

गोळ्या आम्ही मायलेकी एकाच डबीतून घेतो. ती मला आठवण करते, मी तिला.

घरात गजर लावत नाही, त्यामुळे सकाळी तिला उठवायला मलाच जावं लागतं. तिची खोली माडीवर. मी जिन्याच्या तळाशी उभी राहते आणि आधी नुसतीच पुटपुटल्यासारखं म्हणते, "येतेय गं." चार पायऱ्या चढून जरा मोठ्यानं, "येतेय गं मी." दार लोटायच्या आधी पुन्हा एकदा. मग थांबते.

कधी ती लगेच ओ देते. कधी देत नाही. कूस बदलत असेल, झोपेत असेल, मला माहीत असतं. तरी तेवढ्या वेळात माझ्या छातीत असं धडधडायला लागतं की दाराची कडी धरावी लागते. डॉक्टरांना मी ते सांगितलं. त्यांनी पुन्हा पट्टी काढली, नीट बघितली, आणि तोच प्रश्न विचारला.

"आधी भीती," मी म्हटलं. "धडधड मागून."

"मग त्याला माझ्याकडे औषध नाही," त्या म्हणाल्या.

आज सकाळीही मी तशीच उभी होते, कडी धरून. आतून आवाज आला, "जागी आहे गं आई. ये."